यंत्र बदललं, आकडा बदलला: मापात पाप कुणाचं?

कोरा_कागद
मंडळी, थोडं घरचं, थोडं तांत्रिक.

आईची हाडांच्या घनतेची तपासणी, म्हणजे डेक्सा, दोन वर्षांपूर्वी झाली होती. कण्याचा आकडा आला होता ०.९१२ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. गेल्या आठवड्यात दुसऱ्या केंद्रात पुन्हा केली, तर ०.८४८. मी लगेच भागाकार करून मोकळा झालो: ७ टक्के घट. तेव्हापासून आई जिना उतरताना कठडा सोडत नाही आणि मी तिच्या मागून हात पसरून उतरतो.

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट बघितले आणि शांतपणे म्हणाले, "यंत्रं वेगळी आहेत, हे आकडे शेजारी ठेवू नका." एवढंच. पुढचा पेशंट आत.

मी पडलो कारखान्यातला माणूस. मोजमाप विभागात उभी हयात गेली. मायक्रोमीटर बदलला म्हणून शाफ्टचा व्यास ७ टक्क्यांनी बदलला असं कुणी म्हटलं असतं, तर मी आधी मायक्रोमीटर जप्त केला असता आणि मग म्हणणाऱ्याला. वैद्यकीय यंत्रांना वेगळा न्याय का? आणि हे फक्त डेक्साचं दुखणं आहे, की सीटी, पेट स्कॅन, एमआरआय सगळीकडे हीच रड? जाणकारांनी उजेड पाडावा.

तिरकस
वजनकाटा बदलून वजन कमी करण्याचा मार्ग मी फार पूर्वीच शोधून काढलाय. डॉक्टर लोक आत्ता पोचले तिथे.

सावली
कागदराव, आधी आईंना सांगा, घाबरायचं कारण अजून सापडलेलं नाही. डेक्सा आणि सीटीवर माझी तेवीस वर्षं गेली, हा प्रश्न रोजचा आहे.

शाफ्ट तुम्ही हातात धरता. हाड आमच्या हातात येत नाही. डेक्सात दोन वेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण सोडतात. हाड आणि मऊ भाग त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात, त्या फरकावरून खनिज किती हे गणिताने काढतात. या दोन ऊर्जा मिळवायच्या कशा, इथूनच कंपन्यांच्या वाटा वेगळ्या होतात. कुणी नळीचं व्होल्टेज भराभर खाली-वर करतं, कुणी एकाच झोताला फिल्टर लावून त्याचे दोन भाग पाडतं. पुढे चित्रात हाडाची कड नेमकी कुठे संपते हे ठरवणारं सॉफ्टवेअर ज्याचं त्याचं. कड जराशी आत-बाहेर झाली की क्षेत्रफळ बदललं, आणि इथली घनता म्हणजे खनिज भागिले क्षेत्रफळ. म्हणजे मुळात ती हाडाची घनता नव्हेच, हाडाच्या सावलीची आहे. (आयडी उगाच नाही घेतला.)

वेगळ्या बनावटीच्या यंत्रांवर एकाच माणसाच्या कण्यात १० टक्क्यांहून जास्त फरक दिसू शकतो. म्हणून तर १९९४ मध्ये सगळ्यांचे आकडे एका समान मापावर आणायची सूत्रं काढली गेली. हजार लोकांची सरासरी काढायला ती ठीक. एका बाईच्या दोन रिपोर्टांना लावायला गेलात तर फसाल.

आमच्याकडे जुनं यंत्र जाऊन नवं आलं तेव्हा ३० पेशंटना जुन्यावर एकदा आणि नव्यावर दोनदा घेतलं, ६० दिवसांच्या आत. आंतरराष्ट्रीय शिफारसच तशी आहे. ते केलं तरच "आमच्या जुन्या आणि नव्या यंत्रात इतका फरक" हे सांगता येतं. दोन वेगळ्या केंद्रांमध्ये हे कोण करणार?

वाचनमात्र
वाचनखूण साठवली.

दशांश
सावलीताईंनी यंत्राचं सांगितलं, मी आकड्याचं सांगतो. यंत्र तेच, तंत्रज्ञ तोच, पेशंट टेबलावरून उठून पाच मिनिटांत परत झोपला, तरी आकडा हुबेहूब येत नाही. प्रत्येक केंद्राने १५ जणांना तीनदा किंवा ३० जणांना दोनदा मोजून स्वतःची ही चूक काढायची असते. कण्यासाठी ती जास्तीत जास्त १.९ टक्के चालवून घेतात. तिला २.७७ ने गुणलं की ५.३ टक्के. त्याहून कमी बदल दिसला तर "बदल झाला" असं म्हणायचं नाही.

हे २.७७ आकाशातून पडलेलं नाही. चूक पहिल्या मोजणीतही आहे आणि दुसऱ्यातही, म्हणून २ चं वर्गमूळ. ९५ टक्के खात्री हवी म्हणून १.९६. दोघांचा गुणाकार.

आणखी एक सापळा. कंपनीचा माणूस येतो आणि आलेख दाखवतो: "आमच्या आणि जुन्या यंत्राचा सहसंबंध ०.९९!" असेल हो. एक यंत्र कायम १० टक्के जास्त दाखवत असेल तरीही सहसंबंध ०.९९ येईल. ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ मध्ये हेच सांगितलं, की दोन पद्धतींच्या आकड्यांची वजाबाकी करून बघा, सहसंबंध मिरवू नका. इतकी वर्षं झाली, मिरवणूक सुरूच आहे.

कोरा_कागद
अहो दशांश, म्हणजे हे आमचं गेज आर अँड आर! तोच भाग, तोच कामगार, तेच गेज: पुनरावृत्ती. कामगार किंवा गेज बदललं: पुनरुत्पादन. आता माझ्या भाषेत आलं. फक्त आमचा शाफ्ट श्वास घेत नाही.

धूसर
श्वासावरून आठवलं, म्हणून आलो. मी छातीचे सीटी वाचतो.

सीटीत क्ष-किरण कुठे किती अडले ते सांगणारं निदान एकक तरी आहे: हाउन्सफील्ड. पाणी ०, हवा उणे १०००. ऐकायला पक्कं वाटतं. पण पट्टीच्या फक्त या दोन खुणा ठोकलेल्या आहेत, बाकीच्या खुणा किरणांच्या ऊर्जेवर सरकतात. आयोडीनचं औषध दिलेली रक्तवाहिनी १२० किलोव्होल्टवर जितकी उजळ दिसते त्याहून ८० वर कितीतरी उजळ दिसते. कॅल्शियमही तसंच. रोग तोच, रुग्ण तोच, आणि आकडा ऑपरेटरने कुठलं बटण दाबलं यावर.

फुफ्फुसाच्या वातस्फीतीत, म्हणजे एम्फिसिमात, उणे ९५० पेक्षा खाली किती टक्के फुफ्फुस आहे ते मोजतात. यात गंमत अशी की चित्र धारदार दिसावं म्हणून तीक्ष्ण कर्नल (चित्र तयार करतानाचा गणिती फिल्टर) वापरला की चित्रात कण उडतात, आणि त्यातले काही कण निव्वळ योगायोगाने उणे ९५० च्या खाली पडतात. झाला निरोगी माणसाला कागदोपत्री एम्फिसिमा. स्लाइस जाड घेतली तर उलट, सगळं सरासरीत विरघळतं. रुग्णाने अर्धाच श्वास घेतला तर फुफ्फुस दाट दिसतं आणि आजार कमी झाल्यासारखा वाटतो. कर्नल, स्लाइस, श्वास. यातलं एकही रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत नसतं.

मी स्वतःपुरती एक खोड लावून घेतली आहे: आधी श्वासनलिकेच्या आतल्या हवेचा आकडा बघतो. तिथे हवाच आहे, उणे १००० च्या जवळपास यायला हवा. खूप हटला असेल तर पुढच्या टक्केवारीवर किती जीव टाकायचा ते कळतं.

चिवट
धूसर, मग हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजतात त्या स्कोरचं काय? ओळखीत एकाचा वर्षभरात चांगलाच वाढला म्हणून घर हवालदिल झालंय.

धूसर
ओळखीतल्या माणसाबद्दल त्याचे डॉक्टर बोलतील. स्कोर कसा बनतो ते सांगतो. आगाटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत. १३० हाउन्सफील्डच्या वरचा ठिपका धरायचा, त्याचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि त्यातल्या सर्वांत उजळ बिंदूप्रमाणे गुणांक लावायचा: १३० ते १९९ ला १, २०० ते २९९ ला २, ३०० ते ३९९ ला ३, ४०० पासून पुढे ४.

आता ५ चौरस मिलिमीटरचा ठिपका घ्या. सर्वांत उजळ बिंदू १९९ असेल तर स्कोर ५. २०० असेल तर १०. एका हाउन्सफील्डने दुप्पट! आणि एका बिंदूत एवढी हालचाल तर चित्रातला नुसता खरखराटही करतो. मोठ्या स्कोरमध्ये अशा पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात, लहान स्कोरमध्ये उठून दिसतात. पद्धत टाकाऊ नाही हं, तिच्यावर वर्षानुवर्षांची माहिती उभी आहे. पण ती जिना आहे, उतार नाही.

तिरकस
आणि कागदरावांच्या आई जिन्यालाच घाबरतात.

अर्धायुष्य
पेटवाले कसे गप्प राहतील! आमचा आकडा एसयूव्ही: गाठीत किती किरणोत्सारी औषध साचलं, भागिले किती टोचलं प्रति किलो वजन. सूत्र एका ओळीचं, आणि त्यातली प्रत्येक राशी चुकायला टपलेली.

वजन: रुग्णाला विचारून लिहिलं की काट्यावर उभं केलं? १० टक्के जास्त सांगितलं तर एसयूव्ही १० टक्के जास्त. टोचलेलं औषध: सिरिंजमध्ये उरलेलं वजा केलं का? शिरेबाहेर गळलं का? टोचल्यानंतर ६० मिनिटांनी स्कॅन करायचा, पण आधीचा रुग्ण उशिरा आला आणि हा ८० मिनिटांवर गेला, तर बऱ्याच गाठी तोवर आणखी औषध ओढतात. रक्तातली साखर वाढलेली असेल तर वेगळाच हिशेब.

पण माझा सर्वांत लाडका खलनायक म्हणजे घड्याळ. औषधातल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे तेवढ्या वेळात ते निम्मं होतं. मी पूर्वी होतो त्या विभागात औषध मोजायच्या यंत्राचं घड्याळ स्कॅनरच्या घड्याळापेक्षा ११ मिनिटं मागे होतं. औषध खरं १० ला मोजलं, नोंद झाली ९:४९. स्कॅनरच्या संगणकाला वाटणार औषध ११ मिनिटं जास्त झिजलं, म्हणजे टोचलं कमी, म्हणजे एसयूव्ही जास्त. किती? ७ टक्के. प्रत्येक रुग्णाला, रोज. कुणाच्या लक्षात येणार? चित्र तर झकास येत होतं. शेवटी एका नवख्या तंत्रज्ञ मुलीने विचारलं, "सर, ही दोन घड्याळं वेगळी का?" आम्ही सगळे अनुभवी लोक एकमेकांकडे बघत राहिलो. तेच घड्याळ एक तास मागे असतं तर ४६ टक्के.

सावली
नवख्यांनाच दिसतं हो. आपल्याला सवय झालेली असते.

चिवट
अर्धायुष्य, पण त्याच रुग्णाच्या यकृताशी तुलना केली की घड्याळ, वजन, डोस सगळं छेदातून उडून जाईल ना? लिम्फोमात, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, डोविल पद्धत हेच करते असं ऐकलंय.

अर्धायुष्य
उत्तम प्रश्न, आणि अर्धं उत्तर हो. घड्याळ, वजन, डोस या चुका गाठीला आणि यकृताला सारख्याच लागतात, गुणोत्तरात उडतात. पण यंत्राची अंधुकता नाही उडत. लहान गाठीचा प्रकाश बाजूला सांडतो आणि आकडा कमी दिसतो. यकृत एवढं मोठं की त्याच्या मध्यभागी काही फरक नाही. आता नव्या स्कॅनरमध्ये ही अंधुकता गणिताने सुधारणारी चित्राची पुनर्रचना असते. ती चालू केली की लहान गाठ एकदम उजळते, यकृत जागचं हलत नाही. मागच्या वेळी यकृतापेक्षा फिकी असलेली गाठ या वेळी यकृताच्या वर, आणि रोग होता तिथेच.

यासाठीच तर चाचणीच्या फँटममध्ये (रुग्णाऐवजी यंत्रात ठेवायच्या नमुन्यात) १० ते ३७ मिलिमीटर व्यासाचे सहा गोळे असतात. सगळ्यांत एकच तीव्रता भरायची आणि बघायचं लहान गोळे किती दबतात किंवा फुगतात. युरोपातल्या न्यूक्लिअर मेडिसिन संघटनेच्या 'अर्ल' मान्यतेत सगळ्या केंद्रांच्या गोळ्यांचे आकडे ठरावीक पट्ट्यात बसावे लागतात. मग बरीच केंद्रं दोन पुनर्रचना करतात: बघायला धारदार, मोजायला जरा धूसर.

धूसर
हाक मारलीत?

भोवरा
आता एमआरआय. कागदरावांच्या "सगळीकडे हीच रड?" ला माझं उत्तर: आमच्या नेहमीच्या चित्रांना एककच नाही. मेंदूतल्या एका बिंदूचा आकडा ४५०. ४५० काय? काही नाही. दुसऱ्या यंत्रावर तोच बिंदू १२०० असेल.

म्हणून टी१ (रेडिओ लहरीने ढकललेले अणू चुंबकात पूर्वपदावर यायला लागणारा वेळ) सारख्या वेळा मिलिसेकंदात मोजायच्या पद्धती आल्या. एकक आलं, पण भानगड गेली नाही. टी१ स्वतःच चुंबकाच्या ताकदीवर अवलंबून: ३ टेस्लावर १.५ टेस्लापेक्षा लांब. हृदयाच्या टी१ साठी सर्वाधिक वापरली जाणारी मॉली पद्धत खऱ्यापेक्षा कमी दाखवते. मात्र पुन्हा पुन्हा मोजलं तरी सारखंच कमी दाखवते, म्हणून लोकप्रिय! खोटं पण सातत्याने बोलणारा साक्षीदार. त्यामुळेच प्रत्येक केंद्राने निरोगी माणसं आपल्याच यंत्रावर मोजून आपली सामान्य पातळी ठरवावी अशी शिफारस आहे.

पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतो त्याला आमच्याकडे एक सुंदर, साधी कसोटी आहे: बर्फ आणि पाण्याचं भांडं. शून्य अंशाला पाण्याचा विसरण गुणांक १.१ × १०⁻³ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. थर्मामीटरचीही गरज नाही, बर्फ शिल्लक आहे तोवर तापमान शून्यच. हे भांडं चुंबकाच्या मध्यभागी ठेवलं की बहुतेक यंत्रं शहाण्यासारखी वागतात. तेच १०-१२ सेंटिमीटर बाजूला सरकवा आणि मजा बघा. ग्रेडियंट, म्हणजे जागेप्रमाणे मुद्दाम बदलत नेलेलं चुंबकीय क्षेत्र, कडेला सरळ रेषेत राहत नाही, प्रत्येक बनावटीचं वाकणं वेगळं. यकृत काय नेहमी मध्यभागी असतं?

मेंदूचं आकारमान तर विचारूच नका. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजारात मेंदूची वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का झीज शोधायची असते. मधेच सर्व्हिस इंजिनिअर येऊन सॉफ्टवेअर अपग्रेड करून जातो, कुणाला सांगत नाही, आणि त्या महिन्यापासून सगळ्यांचे मेंदू एका दिशेने सरकतात. रुग्ण पुरेसं पाणी न पिता आला तरी आकारमानात मोजण्याजोगा फरक पडतो.

उगाच
म्हणजे एमआरआयला जाताना पाणी पिऊन जावं. मेंदू मोठा दिसेल. बायकोला दाखवीन.

दशांश
भोवरा, सगळं मान्य, पण तुम्ही लोक बर्फाच्या भांड्यावर फार विसंबता. भांड्याला ताप येत नाही, ते हलत नाही, त्याला पोट नाही. फँटमवर जुळलेली यंत्रं रुग्णांवर जुळतीलच असं नाही. त्यापेक्षा रुग्णांच्याच आकड्यांवरून यंत्राचा ठसा काढून टाकायचा. जनुकांच्या चिपांसाठी २००७ मध्ये आलेली कॉम्बॅट पद्धत आता मेंदूच्या चित्रांना सर्रास लावतात आणि बहुकेंद्री अभ्यासांत चांगली चालते.

भोवरा
चालते, आणि कधी कधी रुग्णालाच पुसून टाकते. समजा एका केंद्रात सगळे आजारी आणि दुसऱ्यात सगळे निरोगी. तुमच्या पद्धतीला यंत्राचा फरक कुठला आणि आजाराचा कुठला हे कसं कळणार? सगळं "यंत्र" म्हणून धुऊन टाकील. आणि तुम्ही आजार आधीच समीकरणात घातलात, तर जे शोधायचं तेच गृहीत धरल्यासारखं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

दशांश
दोन्ही केंद्रांत दोन्ही प्रकारचे रुग्ण हवेत, ही अट मी लिहायला हवी होती. चूक कबूल. पण तुमचं भांडंसुद्धा सॉफ्टवेअर अपग्रेड झाल्याचं सांगणार नाही, जर महिन्यातून एकदाच ठेवलं तर.

भोवरा
आठवड्यातून एकदा ठेवतो. पण मुद्दा कबूल, अपग्रेडच्या दिवशीही ठेवायला हवं.

चिवट
माझा राग वेगळाच आहे. एवढं सगळं ठाऊक असताना ०.९१२ असे तीन-तीन दशांश छापता कशाला? शेवटचा २ कुणाच्या भरवशावर?

सावली
यंत्र छापतं. "०.९१ च्या आसपास, कमी-जास्त इतकं" असं छापलं तर रुग्ण म्हणतात यंत्र जुनं दिसतंय.

धूसर
गाठींचंही तेच. "६ मिमीची गाठ ७ मिमी झाली" म्हणून लोक रडवेले होऊन येतात. एक मिलिमीटर म्हणजे कर्सर कुठे टेकवला त्याचा प्रश्न. पण घन काढला तर ६ चं ७ म्हणजे आकारमान जवळपास ६० टक्के वाढलं! म्हणून कॅन्सरच्या उपचारात वापरतात त्या रेसिस्ट नियमात वाढ मानायला २० टक्के आणि शिवाय निदान ५ मिलिमीटर असं दुहेरी कुंपण घातलंय. चुकीला जागा नियमातच ठेवली आहे.

(अवांतर: सोनोग्राफीवाले सुटले असं समजू नका. त्यांचं यंत्र आवाजाचा वेग सगळीकडे १५४० मीटर प्रति सेकंद धरतं. चरबीत तो १४५० च्या आसपास असतो. म्हणजे चरबीचा थर ६ टक्के जाडच दिसणार.)

उगाच
हे मात्र मला आधीपासून वाटतच होतं.

सावली
धागा फार लांब गेला, कागदराव कुठे आहेत? अहो, एक विचारायचं राहिलं. दोन्ही रिपोर्टांच्या तक्त्यात "एकूण" या ओळीसमोर कुठले मणके लिहिलेत ते बघा बरं. आणि खुबा कुठला, डावा की उजवा?

कोरा_कागद
हरे राम. जुन्यात कमरेचे मणके एल२ ते एल४. नव्यात एल१ ते एल४. खुबा जुन्यात डावा, नव्यात उजवा. मी फक्त ठळक अक्षरातला आकडा वाचला होता!

सावली
वाटलंच. एल१ बहुतेकांचा सर्वांत विरळ असतो, तो धरला की आकडा खाली येतो. नव्या तक्त्यातून एल२ ते एल४ पुन्हा काढा. घनतांची सरासरी घेऊ नका हं. खनिज बेरीज करा, क्षेत्रफळ बेरीज करा, मग भागा.

कोरा_कागद
एल२: खनिज १०.९६, क्षेत्रफळ १३.२. एल३: १२.५४, १४.५. एल४: १४.६२, १६.३. बेरीज ३८.१२ भागिले ४४.० = ०.८६६. म्हणजे ०.९१२ वरून ५ टक्के. दोन टक्के तर मणका मोजण्यातच गेले!

दशांश
आणि उरलेले ५ टक्के यंत्र तेच असतं तरी ५.३ च्या आतले. यंत्र वेगळं असल्यावर तर काहीच सांगता येत नाही.

चिवट
"घट झाली नाही" असंही सांगता येत नाही, हे कृपया कुणीतरी लिहा.

दशांश
लिहिलं.

सावली
चिवट बरोबर आहेत. उलट एक बघाच: चित्रात खालच्या मणक्यांच्या कडेला हाडाची टोकं वाढलेली दिसतात का? या वयात बरेचदा असतात. तीसुद्धा खनिज म्हणून मोजली जातात आणि कणा आहे त्यापेक्षा भक्कम दाखवतात. म्हणून वयस्कर माणसाचा खुबा जास्त विश्वासाचा. त्याच्या टी-स्कोरसाठी (निरोगी तरुणांच्या सरासरीपासून आपण किती दूर, तो आकडा) बहुतेक यंत्रं अमेरिकेतल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा एकच संदर्भ वापरतात, तेवढा एक गोंधळ कमी.

कोरा_कागद
तक्ते घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आलो. एल४ ला टोकं आहेत. खुब्याचा टी-स्कोर दोन्हीकडे जवळपास सारखा. ते म्हणाले, औषध द्यायचं की नाही हे मी खुबा, वय आणि आधी हाड मोडलंय का यावरून ठरवणार, दोन रिपोर्टांच्या वजाबाकीवरून नाही. पुढची तपासणी आता याच यंत्रावर, याच खुब्याची. यंत्राचा नंबर फाइलवर लिहून ठेवलाय.

तिरकस
मग मायक्रोमीटर जप्त केला का शेवटी?

कोरा_कागद
आईने माझा कॅल्क्युलेटर जप्त केलाय. कठडा अजून धरते, पण म्हणते तो जिन्यामुळे, तुझ्या टक्क्यांमुळे नाही.